दुखत नाही म्हणून अंगावर काढू नये

एसटी स्टँडच्या मुतारीत ‘गुप्तरोगावर हमखास इलाज’ अशी जाहिरात वाचली नाही असा प्रवासी विरळाच. ज्याला गरज असते तो नंबर गुपचूप टिपून घेतो, हजारो रुपयांची पुडी आणतो आणि काही दिवसांत फोड खरोखरच जातो! वैदूची कीर्ती वाढते. प्रत्यक्षात तो पुडीने गेलेला नसतो.

गरमीची, म्हणजे सिफिलिसची, चाल अशीच आहे. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी जननेंद्रियावर, गुदद्वाराशी किंवा तोंडात एक कडक कडांचा व्रण उठतो. तो बहुधा दुखत नाही. औषध न घेताही तीन ते सहा आठवड्यांत भरून येतो. जंतू मात्र रक्तात राहतात. पुढे तळहात-तळपायांवर न खाजणारे चट्टे येतात, तेही विरतात. वर्षांनंतर हृदय किंवा मेंदूला झळ पोहोचू शकते. गरोदरपणात बाळ दगावण्याचा धोका असतो. म्हणून गरोदर बाईने पहिल्याच तपासणीत याची रक्तचाचणी करून घ्यावी.

सुरुवातीलाच निदान झाले, तर बेंझाथिन पेनिसिलिनचे 24 लाख युनिटचे इंजेक्शन एकदा घेतले की सहसा भागते.

लघवीला आग, पू येणे, जांघेत गाठ, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, ओटीपोटात दुखणे, यांपैकी काहीही दिसल्यास डॉक्टरांकडे जावे. परमा (गोनोरिया) किंवा क्लॅमिडिया हे दुसरे गुप्तरोग झालेल्या अनेक बायकांना काहीच जाणवत नाही आणि मूल राहत नाही तेव्हा आजार कळतो. त्यामुळे नवऱ्याला निदान झाले की बायकोनेही, आणि तिला झाले की त्यानेही, तपासून घ्यावे. एकट्याने औषध घेतले तर आजार पुन्हा घरातच परततो. उपचार संपेपर्यंत संबंध टाळावेत, एरवी निरोध वापरावा.

र. धों. कर्वे यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि लैंगिक आरोग्यावर उघड लिहिल्याबद्दल त्यांना कोर्टात उभे राहावे लागले. आजच्या रुग्णाला केसपेपरच्या खिडकीवर सगळे सांगायची गरज नाही. जिल्हा रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ कुठे आहे, एवढे विचारावे. समुपदेशक वेगळ्या खोलीत बोलतात आणि औषधे मोफत मिळतात. एचआयव्हीची चाचणी संमतीशिवाय करता येत नाही आणि निकालाची गुप्तता 2017 च्या कायद्याने राखली जाते. जायचे कुठे हे कळत नसेल, तर 1097 या मोफत क्रमांकावर फोन करावा, नाव सांगितले नाही तरी चालते.