डोस एक पुरतो, पण सही कुणाची?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणाऱ्या एचपीव्ही लसीचा एकच डोस पुरेसा ठरू शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मान्य केले. त्यामागचा एक मोठा पुरावा भारतातल्या मुलींनी दिला आहे.

२००९ मध्ये बार्शी, पुण्यासह देशातल्या नऊ केंद्रांवर दोन डोस आणि तीन डोस यांची तुलना करणारी चाचणी सुरू झाली. एप्रिल २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवले, तेव्हा ४,९५० मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. २०२१ मध्ये निकाल छापून आला. विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून तीन डोसांचे संरक्षण ९३.३ टक्के, तर एका डोसचे ९५.४ टक्के.

लसीकरण थांबले होते ते मात्र दुसऱ्याच प्रकल्पामुळे. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत 'पाथ' ही अमेरिकी संस्था आयसीएमआरच्या साथीने १० ते १४ वर्षांच्या मुलींना लस देत होती. त्यात आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. सात मुलींचे मृत्यू झाले. त्यांचा लसीशी संबंध दिसत नाही, असे चौकशी समितीने म्हटले. पण संमतीचे काय? आंध्रातल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने यावर कडक ताशेरे ओढले.

मी लसीच्या विरोधात नाही. तपासणी ज्यांच्या दारापर्यंत पोहोचत नाही, त्या आपल्या आयाबहिणींना हा आजार फार उशिरा कळतो. म्हणून एका डोसचा शोध आपल्यासाठी मोलाचा आहे: खर्च कमी, फेऱ्या कमी. पण लस चांगली होती म्हणून न विचारणे क्षम्य ठरत नाही. आदिवासी आईबापांना विचारायची गरजच काय, ही समजूत जातीच्या उतरंडीतूनच येते.

आपण घरातले पहिले पदवीधर. कोणताही कागद आला की घर आपल्याकडे बघते. वस्तीत, पाड्यावर लसीचा कागद येईल तेव्हा तो आईबापांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवा. प्रश्न विचारू द्या. मग सही त्यांची, आणि लस त्यांच्या लेकीला.