तो पूजेचा देव नव्हे, कुळाचा पूर्वज

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील मुखवटे म्हणजे प्राणिपूजा, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे मला मुळीच पटले नाही. तेथील क्वाक्वाक्यावाक्व लोकांचा रूपांतर-मुखवटा पाहा. नर्तकाने दोऱ्या ओढल्या की पक्ष्याची चोच दुभंगते आणि आतून माणसाचा चेहरा उघडतो! हा प्राणी कुळाचा पूर्वज असतो. मुखवटा नाचवण्याचा हक्क वारशाने मिळतो. या किनाऱ्यावरील सरदारांच्या लाकडी खुळखुळ्यावर तर डोमकावळ्याच्या पाठीवर माणूस रेललेला, त्याची जीभ अनेकदा बेडकाच्या जिभेला भिडलेली. याला नुसती प्राणिपूजा कसे म्हणायचे? असे मुखवटे नाचवले जातात त्या पॉटलॅच या दानसमारंभावर कॅनडाच्या सरकारने १८८५ ते १९५१ या काळात बंदी घातली होती. १९२१च्या पॉटलॅचनंतर जप्त केलेले बरेच मुखवटे आता क्वाक्वाक्यावाक्व लोकांच्या अलर्ट बे येथील उमिस्टा सांस्कृतिक केंद्रात परतले आहेत. संग्रहालयांनी उरलेलेही परत करावेत.

– एक वाचक, नाशिक