कसारा घाट आणि पद्मिनीचे ब्रेक
नाशिकहून मुंबईला निघालेल्या जुन्या गाडीची खरी परीक्षा इगतपुरी सोडल्यावर, कसारा घाटाच्या उतारावर होते. कुर्ल्यात तयार झालेली आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून मिरवलेली प्रीमियरची फियाट चारही चाकांना ड्रम ब्रेक घेऊन आली. उतारावर सतत ब्रेक दाबला की ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते आणि पाय खाली जात राहतो. याउलट डिस्क ब्रेकची डिस्क उघड्यावर असते, म्हणून लवकर थंड होते आणि पावसाचे पाणीही झटकून टाकते. १९८३ च्या मारुती ८०० ने पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले, ते उगाच नाही. पण पद्मिनीला नुसती डिस्क आणि तिला पकडणारा कॅलिपर बसवून काम संपत नाही. ड्रममध्ये चाकाचे फिरणेच लायनर बसवलेल्या शूला ड्रमकडे ओढून मदत करते, डिस्कमध्ये ती मदत नाही. म्हणून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर हवा. कॅलिपरला ब्रेक ऑइल जास्त लागते, म्हणून मास्टर सिलिंडर त्या मापाचा हवा, आणि तो दुहेरी असला तर एक लाइन फुटली तरी दुसरी गाडी थांबवते. मागच्या ड्रमचा दाबही आवरावा लागतो, नाहीतर ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी अडकून गाडी फिरते. हे सगळे जमत नसेल तर अर्धवट डिस्कपेक्षा नीट जुळवलेला ड्रम बरा. बदल करायचाच तर आधी आरटीओत विचारा, आणि घाटात उतरताना गिअर खालचाच ठेवा.