भाज्याला फक्त धबधबाच आहे का?

आपल्या होस्टेलचा पावसाळी ट्रेक म्हणजे लोहगड, नाहीतर विसापूर. प्लॅनही ठरलेला. सकाळची लोणावळा लोकल, मळवलीला उतरायचं, एक्स्प्रेस हायवेवरचा पूल ओलांडून भाजे गाव, तिथे चहा-वडापाव, आणि मग सुटायचं. लेण्यांच्या पायऱ्या आल्या की एखादा विचारतो, "वर जायचं का रे?" लगेच दुसरा, "काय आहे तिथे, दगड तर आहेत!" झालं, सगळे धबधब्याकडे. जे वर जातात ते पंधरा मिनिटांत फोटो काढून खाली.

माझं स्पष्ट मत आहे की हा प्लॅन बदलायला हवा. त्यासाठी इतिहासाची आवड असायलाच हवी असं नाही. इंजिनिअरिंगला आहोत एवढं कारण पुरे आहे.

मोठं चैत्यगृहच घ्या. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातलं काम. आत २७ अष्टकोनी खांब, आणि नीट बघितलं तर ते सरळ उभे नाहीत, चक्क आत कललेले आहेत. का? तर लाकडी इमारतीत छताचं वजन खांबांना बाहेर ढकलतं, म्हणून ते तिरके ठेवतात. पण इथे तर अख्खा डोंगर आतून कोरलाय, खांबांना कोण ढकलणार? तरीही कलते खांब आहेत. वर छताला खऱ्या लाकडाच्या कमानी बसवल्यात, ज्यांच्यावर शून्य लोड! त्यातलं बरंचसं लाकूड सुमारे दोन हजार वर्षांनंतर अजून जागेवर आहे. म्हणजे सुताराचं डिझाईन पाथरवटाने दगडात उतरवलंय. (आपण जर्नल उतरवतो तसं नव्हे, त्यांना प्रत्येक रेघ कळत होती.) दर्शनी भागात पूर्वी लाकडी काम होतं. ते गेलं, पण ते अडकवायची भोकं अजून दिसतात. आणि सगळा बेसॉल्ट! इथे काही जोडायचं नाही, फक्त काढत जायचं. वर्कशॉपमध्ये जॉब बिघडला की आपण नवा पीस मागतो. यांना दुसरा डोंगर कोण देणार होतं?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे 'लेणं' म्हणजे दागिनाही होतो हे मला अकरावीत गेल्यावर कळलं. तेव्हापासून तो शब्द मला फार आवडतो.

आता जे खरंच खटकतं ते. चैत्यगृहापासून थोडं पुढे १४ स्तूपांचा एक घोळका आहे, काही आत, काही बाहेर. फोटोसाठी सगळ्यांची आवडती जागा. कोणी टेकतं, कोणी सॅक ठेवतं, कोणी वर चढायला बघतं. त्यातल्या काहींवर ब्राह्मी लिपीत नावं आहेत: अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. हे तिथले थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, आणि ही त्यांची स्मारकं आहेत. एखाद्या समाधीवर पाय ठेवून आपण फोटो काढू का? नाही ना? मग इथे कसं चालतं? माहीत नसतं म्हणून चालतं, दुसरं काही नाही. म्हणूनच तिथे पोचायच्या आधी सांगायला हवं.

नावांचंच बोलायचं तर भिंतींवर बदाम आणि त्यात इनिशियल्सही आहेत. गंमत म्हणजे जुनी नावंही आहेत, पण ती कसली? एका पाण्याच्या टाक्याशी लिहिलंय की हे कोसिकीपुत विण्हुदत या महारठीचं दान. शिलालेखात टाक्याला 'पोढी' म्हटलंय. समोरच्या डोंगरात कार्ल्याला जा, तिथे दाराच्या कामाशी धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचं नाव आहे, खांबांवर यवनांची नावं आहेत. कोणी खांब दिला, कोणी पाणी दिलं, आणि मग नाव लिहिलं. आपल्या बदामवाल्यांनी काय दिलं? २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित वास्तूची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण पोरं कायद्याला घाबरून थांबतील असं मला वाटत नाही. विण्हुदत कोण ते कळलं तर कदाचित थांबतील.

"ट्रेकला मजा करायला जातो, लेक्चर ऐकायला नाही," असं आमच्या विंगमधले म्हणतात. मान्य. मलाही भिजायचंच असतं. पण लोहगड काही पळून जात नाही. आणि धबधब्याखाली शंभर माणसांच्या रांगेत उभं राहण्यात कसली मजा, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

यंदा फर्स्ट इयरच्या पोरांना नेणार असाल तर एक लोकल आधीची पकडा. भाज्याला पूर्ण तास ठेवा, बॅटरी बरोबर घ्या. सिव्हिलच्या एखाद्या सरांना आधी विचारून ठेवा, सर नक्की येतील. आणि सॅका सगळ्या खाली पायऱ्यांशीच ठेवायच्या, दोघांना राखणीला बसवून.