आवड आणि आजीविका

बेंगळुरूच्या जुन्या बाजारपेठेत एस. पी. रोड नावाचा गजबजलेला रस्ता आहे. रोध, धारित्रे, ट्रान्झिस्टर, तारा आणि जुन्या यंत्रांचे सुटे भाग विकणारी दुकाने तेथे दाटीवाटीने उभी आहेत. एखादा मुलगा तेथून चार सुटे भाग घरी नेतो, जोडतो आणि लहानसा दिवा उजळताच हरखून जातो. परंतु पुढे व्यवसायाचा प्रश्न आला, की वडीलधारी मंडळी पगाराचा आकडा विचारतात आणि शेजारीपाजारी पदाचे नाव विचारतात. 'रोज कोणते काम करायला तुला आवडेल?' असे मात्र क्वचितच कोणी विचारते. माझ्या मते व्यवसाय निवडताना पहिला प्रश्न हाच असला पाहिजे.

याच शहरात 1948 मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज आणि 1954 मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स हे सार्वजनिक क्षेत्रातील उद्योग सुरू झाले. 1985 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या परदेशी कंपनीने आपले संशोधन व विकास केंद्र येथे उघडले. पुढे सॉफ्टवेअरचा व्यवसाय इतका फोफावला, की इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले अनेक तरुणही तिकडे वळले. त्यात गैर काहीच नाही. ज्यांना ते काम मनापासून आवडते, त्यांनी ते अवश्य करावे. पण ज्याचे मन परिपथात रमते, त्याने केवळ इतर सर्व जण जातात म्हणून त्याच वाटेने जाणे म्हणजे स्वतःची ओळख करून घेण्याचे टाळणे होय.

अर्थात, 'मला इलेक्ट्रॉनिक्स आवडते' एवढे म्हणणेही पुरेसे नाही. हे क्षेत्र एक असले तरी त्यातील कामांचे स्वभाव भिन्न आहेत. नवा परिपथ आखणाऱ्याला गणिताची गोडी हवी आणि फळासाठी महिनोन्‌महिने थांबण्याची तयारीही हवी. कारखान्यात जुळणी करणाऱ्याचा हात स्थिर असावा लागतो. शंभरावा सांधाही त्याने पहिल्याइतक्याच काळजीने जोडायचा असतो. चाचणी घेणाऱ्याला शंका घेण्याची सवय उपयोगी पडते. दुरुस्ती करणाऱ्याला बिघाडाचा माग काढण्यात आनंद वाटतो. शिवाय बंद यंत्र सुरू झाल्यावर ग्राहकाच्या चेहऱ्यावर उमटलेले समाधान त्याला त्याच क्षणी दिसते. शिकवणाऱ्याचे सुख आणखी वेगळे. यांपैकी कोणतेही काम दुसऱ्यापेक्षा हलके नाही.

आर्यभट या पहिल्या भारतीय उपग्रहाची कथा येथे आठवते. सुमारे 360 किलोग्रॅम वजनाचा हा उपग्रह प्रा. उडुपी रामचंद्र राव यांच्या नेतृत्वाखाली बेंगळुरूजवळच्या पीन्या औद्योगिक वसाहतीतील साध्या शेडमध्ये तयार झाला. 19 एप्रिल 1975 रोजी तो सोव्हिएत संघातून अवकाशात सोडण्यात आला. काही दिवसांतच वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे त्यावरील वैज्ञानिक प्रयोग थांबले. तरीही कोणी हताश झाले नाही. मिळालेल्या अनुभवाच्या बळावर 1979 मध्ये भास्कर हा पुढचा उपग्रह अवकाशात गेला. अशा कामात आराखडा करणारा शास्त्रज्ञ जितका आवश्यक, तितकाच तारेचा सांधा अचूक जोडणारा तंत्रज्ञही आवश्यक असतो. एक सांधा निखळला, तर उत्तम आराखडाही निरुपयोगी ठरतो.

कोणी म्हणेल, 'समाधानाच्या गोष्टी पोट भरलेल्यांनी बोलाव्यात. आमच्यावर संसाराचा भार आहे.' हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. घरात अन्न नसताना आवडीच्या शोधात बसून राहावे, असे मी म्हणणार नाही. मिळेल ते काम पत्करणे हा अशा वेळी कर्तव्याचा भाग असतो. परंतु पत्करलेले काम हे आयुष्याचे अखेरचे स्थानक मानण्याचे कारण नाही. वय वाढले किंवा शाळा मध्येच सुटली, म्हणून शिक्षणाची दारे बंद होत नाहीत. मुक्त विद्यालयातून दहावी उत्तीर्ण झालेल्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम किंवा तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका यांचा विचार करता येतो. पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळण्याची सोयही आहे.

मात्र, कोणताही निर्णय घेण्यापूर्वी त्या कामाची प्रत्यक्ष ओळख करून घ्यावी. एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात काही दिवस मदत करावी, काम करणाऱ्यांना त्यांचा दिवस कसा जातो ते विचारावे आणि आपले मन कशात रमते व कशाला कंटाळते, याची प्रामाणिक नोंद ठेवावी. छंद म्हणून आवडणारी गोष्ट रोज आठ तास करताना नकोशी वाटली, तर तेही वेळीच कळलेले बरे.

पगार महिन्यातून एकदा हाती येतो; काम मात्र रोज हाती असते. म्हणून व्यवसायाचे मोल ठरवताना या रोजच्या हिशेबाचा विसर पडू देऊ नये.