किनाऱ्यावर तंबू ठोकताय? आधी आजची तिथी पाहा!

थंडी सुरू झाली की नागाव, आक्षी, रेवदंडा, काशीद या पट्ट्यात शनिवार-रविवारी तंबूंच्या रांगा लागतात. मुंबईहून मांडव्यापर्यंत बोट, पुढे रिक्षा आणि रात्री लाटांचा आवाज. खिशाला परवडणारी यापेक्षा जवळची सुट्टी शोधून सापडणार नाही. पण कॅम्पच्या जाहिराती नीट पाहा. बार्बेक्यू, म्युझिक, शेकोटी सगळं असतं. भरतीची वेळ काय आणि जीवरक्षक आहे का, हे मात्र क्वचितच लिहिलेलं असतं. माझ्या मते बुकिंगच्या पानावर ही माहिती देणं सक्तीचं व्हायला हवं.

पाणी किती वेगाने चढतं?

कोकण किनाऱ्यावर दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका ओहोटीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे सव्वासहा तास लागतात. पण पाणी एकसारखं चढत नाही. एकूण चढाचे १२ भाग केले, तर दर तासाला ते अंदाजे १, २, ३, ३, २, १ असे चढतात. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच येतं.

उधाणाला पाणी ४ मीटर चढलं, तर त्यातले २ मीटर या दोन तासांतले. दर ५० मीटरला १ मीटर उतार असलेल्या सपाट पुळणीवर समुद्र तेवढ्या वेळात १०० मीटर आत येतो. ओहोटीला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत गेलेले पर्यटक अडकतात, ते यामुळेच.

वेळ कशी ओळखायची?

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला भरती साधारण ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. हा अंदाज झाला. नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचा तक्ता मोबाइलवर मिळतो.

तंबू कुठे हवा?

सुरूच्या बनाच्या मागे, पण नारळाखाली नको. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९च्या अधिसूचनेनुसार पर्यटनाच्या तात्पुरत्या सुविधाही भरतीरेषेपासून किमान १० मीटर दूर हव्यात. आणि कितीही थंडी वाजली तरी पेटती शेगडी तंबूत नेऊ नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो.

पोहायचं की नाही?

फेब्रुवारी २०१६मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. किनारा शांत दिसतो म्हणून तो सुरक्षित नसतो. लाटांचं पाणी परतताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत ओढतं आणि नेमका तोच पट्टा वरून संथ दिसतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नका. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ संपली की बाहेर या.

पाण्याबाहेरही खूप काही आहे. कोर्लईचा किल्ला आणि दीपगृह, फणसाडच्या जंगलातली भटकंती, आक्षीच्या किनाऱ्यावरचे पक्षी. जरा दक्षिणेला गेलात तर वेळास आणि आंजर्ल्याला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहता येतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने धावतात. आपल्या कॅम्पचे झगझगीत दिवे त्यांना उलट्या दिशेला नेऊ शकतात. म्हणून कासवांच्या किनाऱ्यावर तंबूपेक्षा गावातल्या घरीच मुक्काम केलेला बरा.

कॅम्पवाल्यांवर हा भलताच बोजा आहे का? अजिबात नाही. तक्ता फुकट मिळतो, फलकाला फार खर्च येत नाही. जीवरक्षकाचा पगार मात्र द्यावा लागेल, आणि तो तिकिटात धरला तरी कुणाची हरकत नसावी. सक्ती होईपर्यंत आपण ग्राहकांनीच पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: भरती किती वाजता? तंबू भरतीरेषेपासून किती लांब? पाण्यावर लक्ष कोण ठेवतं? उत्तर टाळलं, तर दुसरा कॅम्प शोधा.