दिवाळीची सहल आणि वहीत न चढलेला खर्च

फराळाचे डबे निम्मे रिकामे झाले आणि भाऊबीज आटोपली, की शहरी मध्यमवर्गीय घरांत एक प्रश्न चर्चेला येतो : शाळा उघडण्यापूर्वी उरलेल्या दोन-तीन दिवसांत मोटारीने कोठे जाऊन यावे? पुण्याच्या घरांत त्याचे उत्तर बहुधा चर्चेपूर्वीच ठरलेले असते. महाबळेश्वर, नाहीतर लोणावळा, नाहीतर अलिबाग. शेजारी गेले होते, कचेरीतले सहकारी जाणार आहेत, एवढे कारण पुरते. एरवी मेथीच्या जुडीमागे दोन रुपयांची घासाघीस करणारे कुटुंब हा मोठा खर्च मात्र डोळे मिटून करते.

हिशेब होतच नाही असे नव्हे. तो पेट्रोल, पथकर आणि खोलीचे भाडे येथे थांबतो. पुणे-महाबळेश्वर अंतर सुमारे १२० किलोमीटर, एरवी तीन-साडेतीन तासांचे. सुटीत खंबाटकी आणि पसरणी या दोन घाटांत गाड्यांची रांग लागली, की ते पाच-सहा तासांचे कसे होते, हे गेलेल्यांना ठाऊक आहे. रांगेत शिरणारी प्रत्येक गाडी मागच्या सर्वांना थोडा उशीर करते, आणि त्या उशिराची किंमत तिच्या मालकाला मोजावी लागत नाही. तो मात्र इतरांच्या गर्दीला नावे ठेवीत असतो! खोल्यांची संख्या चार दिवसांपुरती वाढविता येत नाही, म्हणून भाडे चढते. पावसाळ्याचे मंदीचे महिने याच आठवड्यांवर काढणाऱ्या हॉटेलमालकाला त्याचा दोष देण्यात अर्थ नाही. परंतु दोन दिवसांपैकी दहा-बारा तास गाडीत गेले, तर ज्या विश्रांतीसाठी पैसे मोजले ती किती उरली?

गृहिणीचे श्रम तर कोणत्याच वहीत चढत नाहीत. पंधरवडाभर चकल्या-अनारशांत गेल्यावर बॅगा भरणे, मुलांची औषधे आठवणे, वाटेसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या तळणे हेही तिच्याकडेच येते. तिला विचारले जाते ते किती वाजता निघता येईल, एवढेच. कोठे जावे हेही तिला विचारले, तर पुष्कळ घरांतील निवड बदलेल.

तेवढ्याच अंतरावर, नेमक्या उलट दिशेला, जुन्नर तालुका आहे. जुन्नर सुमारे ९५ किलोमीटर. तेथून नाणेघाट आणखी तीसेक. म्हणजे पेट्रोल जवळजवळ तेवढेच लागेल. वाटेत नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या प्रचंड रेडिओ-दुर्बिणी दूरवरून दिसतात. शिवनेरीचा समावेश २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत झाला. आणि नाणेघाट म्हणजे कोकणातील बंदरांचा माल देशावर आणणारी सातवाहनकालीन वाट. तेथील लेण्यात राणी नागणिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, हत्ती आणि कार्षापण यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, अशी समजूत आहे. नाक्यावर फास्टॅगची टकटक ऐकत आलेल्या मुलांना व्यापार आणि कर यांचे नाते यापेक्षा सोपे करून सांगणारे पाठ्यपुस्तक मिळणे कठीण. दिवाळीनंतर हवा स्वच्छ असली तर कड्यावरून खालचे कोकण दिसते.

अर्थात तेथेही सर्व सुखाचे नाही. चाकणची कोंडी प्रसिद्धच आहे. पहाटे पाचच्या आत चाकण मागे टाकावे हे उत्तम. उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे, तेव्हा मुलांना घेऊन अंधारात शेतवाटांनी हिंडणे टाळावे. महाबळेश्वरसारखी बाजारपेठ नाही. ज्यांना तीच हवी, त्यांनी घाटातील रांग सोसावी. पण शेतकऱ्याच्या घरी उतरून पिठले-भाकरीचे जेवण घेतले, तर ते पैसे त्याच गावात फिरतात, ही जमेची बाजूही धरली पाहिजे.

मोटार नसलेल्यांनाही ही सहल अशक्य नाही. पुण्याहून जुन्नरला एस.टी. जाते आणि मार्च २०२३ पासून महिलांना तिचे भाडे निम्मे पडते. पुढे नाणेघाटासाठी मात्र जुन्नरमध्ये जीप ठरवावी लागेल, आणि ती ठरविताना परतीची वेळ आधीच बोलून घ्यावी.